लंगडी पालखी

कासारखेड गाव भैरवनाथाचे. पण भैरवनाथावर ओरडण्याचा अधिकार तिथे एकट्या धोंडीनाथ महाराजांचा. महाराज वेशीजवळच्या मठीत राहत. भक्तांना प्रसाद कमी आणि बोलणी जास्त मिळत, तरी गर्दी हटत नसे.

याच महाराजांनी देवळाच्या मंडपात दर रविवारी एक बैठक सुरू केली होती. गावातले आंधळे, पांगळे, बहिरे तिथे जमत. आधी भजन, मग गाऱ्हाणी. नव्या आंधळ्याला जुना आंधळा विहिरीची वाट शिकवी. बहिरा रखमाजी मृदंगाला तळवा टेकून ताल धरी. नियम एकच: इथे कोणी कोणाला 'अरेरे' म्हणायचे नाही. बैठक सांभाळी येसू कुंभारीण. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड. आठवडाभर गावाची कीव झेलायची आणि रविवारी ती चपलांशेजारी सोडून आत यायचे, एवढेच तिचे सुख.

त्या वर्षी यात्रा रविवारीच आली. पालखीचे मुख्य मानकरी मल्हारराव नवा फेटा बांधून आले आणि भजन थांबवून म्हणाले, "उठा! आजपासून तुमची बैठक गोठ्यामागं. देवापुढं सगळं अव्यंग लागतं. आम्ही नारळसुद्धा तडा नसलेला आणतो."

"आणि आणून फोडताच की!" येसू म्हणाली.

मंडळी हसली. ते हसणे मल्हाररावांना झोंबले. त्यांनी रखमाजीपुढचा मृदंग उचलून पायरीखाली भिरकावला. "अरेरे, बिचारी! पायासारखी जीभही आखूड असती तर बरं झालं असतं."

येसूला रडूही येईना, इतका राग आला. ती तडक मठीत गेली. "महाराज, देवाला आम्ही नको असू, तर तसं देवानं सांगावं. त्या फेट्यानं नाही."

महाराज ताडकन उठले. देवळात येऊन सजवलेल्या पालखीपुढे उभे राहिले आणि गरजले, "भैरोबा! तुझ्या लेकरांना हुसकलं आणि तू लोडाला टेकून बसलास? लाज वाटत नाही?"

खांदेकऱ्यांनी पालखी खांद्यावर घेतली, पाऊल टाकायला गेले, तर ती जागची हलेना! मल्हाररावांनी स्वतः दांड्याला खांदा देऊन जोर लावला. फेटा सुटला, पालखी खिळलेलीच.

"येसू कशी चालते ते बघ," महाराज मल्हाररावांना म्हणाले, "आणि तसा चाल."

येसू पुढे झाली. एक पाऊल टाकले, एक ओढले. नाइलाजाने मल्हारराव लंगडले, आणि काय सांगावे! पालखी सरसर निघाली. त्यांचे पाऊल सरळ पडले की ती पुन्हा थांबे. साऱ्या गावाची प्रदक्षिणा अशीच झाली. वाटेत बायका हळहळल्या, "अरेरे! कालपर्यंत चांगला धडधाकट होता हो!" प्रत्येक वळणावर तीच कीव. देवळाशी पोचेपर्यंत मल्हाररावांची मान छातीला लागली होती.

पालखी मंडपात टेकली. मल्हाररावांनी पायरीखालचा मृदंग आणून रखमाजीच्या मांडीवर ठेवला आणि ते महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्याशी काय काम? तिकडं."

मल्हारराव येसूपुढे वाकले. "अरेरे, माझ्या हातून केवढी..."

"उठा," येसू म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता. "तो शब्द इथं चालत नाही. आत बसायचं असेल, तर चपलांशेजारी ठेवून या."

आणि मल्हारराव खरोखरच मागे फिरले, चपलांपाशी जाऊन उभे राहिले, आणि मग हात जोडून, वाकून आत आले.