लिंबाला टांगलेलं मडकं

“पण त्या मेळाव्याला जाऊन मी करू तरी काय, महाराज?”

शार्दूल मोकाशीने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. केशवगिरी महाराज पैनगंगेकाठच्या मठात, लिंबाच्या झाडाखाली सुपात गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. त्यांनी आणखी एक शेंग मोडली.

शार्दूल मूळचा पुण्याचा. बरी चालती नोकरी सोडून तो या तालुक्यात आला आणि पाणी गाळायचे मातीचे फिल्टर करायचा कारखाना त्याने काढला. नफा बेताचा झाला तरी चालेल, पण इथलं एकही मूल घाण पाण्याने आजारी पडता कामा नये, असा ध्यासच घेतला होता त्याने. तीन वर्षं मर मर मेला. गावोगाव फिल्टर पोचवले.

आणि गेल्या आठवड्यात सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याला अकरा मुलं दिसली. सगळी एकाच गावची, सगळ्यांना सलाईन लावलेलं. तो तसाच त्या गावात गेला. घरोघर त्याचे फिल्टर होते. कोपऱ्यात, पालथे, कोरडे ठणठणीत.

तेव्हापासून स्वारी साऱ्या जगावर चिडलेली होती.

“लोकांना चांगल्याची कदरच नाही,” तो म्हणाला. “आणि आता हा आजचा पाण्याचा-आरोग्याचा मेळावा! डॉक्टर येणार, मास्तर येणार, पाणीपुरवठ्याचे साहेब, आशाताई, बचत गटाच्या बायका. भाषणं होतील, चहा होईल, फोटो निघतील. कारखानदार दिसला की देणगी मागतील. हे चौथं बोलावणं. मी काम करणारा माणूस आहे, महाराज. मला सभेत बसायला वेळ नाही.”

“हं...”

“तुम्हीच सांगा, काय चुकलं माझं?”

महाराजांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“मी परवाच परिक्रमेवरून आलो. तुझा फिल्टर मी अजून पाहिलाच नाही. आणलायस का?”

“मठासाठीच आणलाय. गाडीत आहे. टांगायला जागा तेवढी हवी.”

“मग आण. या फांदीला टांग. आणि भर.”

शार्दूलचा राग कुठल्या कुठे पळाला. फिल्टर दाखवायचा म्हटलं की त्याच्या अंगात वारं शिरायचं. तो धावतच गेला. लाल, गोल, गुळगुळीत मडकं त्याने फांदीच्या खुंटाला टांगलं, खाली स्टीलची कळशी ठेवली, नदीचं गढूळ पाणी वरून ओतलं.

थोड्या वेळाने मडक्याच्या तळाशी थेंब जमला. टप...

“बघा! किती नितळ! या मातीत आम्ही...”

“बोलू नकोस. बस.”

टप... टप...

तेवढ्यात फाटकातून भागीरथीबाई आत आली. ही कुंभारवाड्यातली. मठाचं अंगण रोज हीच झाडायची. आज ठेवणीतलं लुगडं नेसली होती आणि घाईत होती. चार पावलं आली आणि जागीच थांबली.

तिने चपला काढल्या. पदर डोक्यावर घेतला. मडक्याकडे बघत हात जोडले आणि हलक्या आवाजात विचारलं,

“कोन गेलं जी, महाराज?”

शार्दूलला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा पाहून ते विरलं.

“कोण गेलं म्हणजे?”

“मानूस गेलं का आंगनात दहा दिस असंच मडकं टांगतो ना जी आमी. थेंब थेंब गळू देतो. गेलेल्या जिवाले तहान लागू नये म्हनून. ते मडकं आमच्याच घरून जाते.”

टप...

शार्दूलने गळत्या थेंबाकडे पाहिलं. एवढी गावं! एवढी घरं! बाळंतिणीच्या खोलीत, रांगत्या पोरांच्या डोक्यावर त्याने मेलेल्या माणसाचं मडकं टांगलं होतं. वर हळदकुंकू वाहून फोटोही काढले होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी सगळ्यांना विचारलं होतं हो,” तो पुटपुटला. “पाणी कसं लागतं? सगळे म्हणाले, गोड लागतं.”

“लागतेच गोड,” भागीरथीबाई म्हणाली. खालची कळशी पाहून हे फिल्टरचं मडकं आहे हे तिच्या ध्यानात आलं होतं.

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

“तुमी एवढ्या हौसेनं आनलं. तोंडावर कसं सांगाव? आमच्या आशाताईनं तं पयल्याच दिशी वळखलं होतं.”

“मग ती तरी बोलायची!”

“तुमची न तिची गाठ कुठी पडली जी?”

मागच्या तीन बोलावण्यांना शार्दूल गेला असता, तर तीन वेळा पडली असती.

भागीरथीबाई मडक्याभोवती फिरून ते बोटांनी वाजवून पाहत होती. आवाज ऐकून तिने मान डोलावली.

“भाजलं झ्याक हाय. हे रांजनात बसवा ना. वरून झाकन, खालून तोटी. गळनं दिसाले नाही पायजे, ऐकू याले नाही पायजे. डॉक्टर दर मेळाव्यात सांगतात, पानी गाळून प्या, पानी गाळून प्या. कायच्यातून गाळाव, ते सांगनारं तिथं कोनीच नसते.”

शार्दूल ताडकन उठला. रांजण! इतकं सोपं! तीन वर्षं जे अडलं होतं, ते या बाईने उभ्या उभ्या सोडवलं. त्याला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. किल्ली हातात घेऊन तो निघालासुद्धा.

“आत्ता कारखान्यात जातो. साचाच बदलतो. आठ दिवसांत...”

“पुन्हा एकटाच?” महाराज म्हणाले.

त्याचे पाय थांबले.

रांजण घरात कुठे बसेल? उंची किती हवी? शाळेत कोण भरेल? दवाखान्यातून घरी गेलेल्या पोरांच्या आयांशी कोण बोलेल? यातलं त्याला एकही ठाऊक नव्हतं. आणि ज्यांना ठाऊक होतं, ती सगळी माणसं या क्षणी तालुक्याच्या शाळेत सतरंजीवर बसत होती. त्याची वाट पाहत... चौथ्यांदा.

तो मोठ्याने हसला. भराभर मडकं उतरवलं आणि गाडीत ठेवलं.

“बाई, तुम्ही नटून कुठे निघालात?”

“मेळाव्यालेच जी. आमच्या गटाची मीच अध्यक्ष हाय. बस तं चुकलीच आता.”

“अहो, मग चला ना!” शार्दूलने गाडीचं पुढचं दार धाडकन उघडलं. “मी नेतो तुम्हाला!”

महाराजांनी शेंगांचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं होतं.

“शार्दूल...”

“जी, महाराज?”

“गाडी तुझी आहे. पण भागीरथीबाईला विचार, ती तुला नेते का.”