रोबोचे डोळे

नगरपालिकेच्या कचरा केंद्रात रोबो आला. कॅमेऱ्याने कचरा बघायचा आणि लोखंडी हाताने वेगळा करायचा, हे त्याचं काम. मोठे साहेब तिथे कचरा निवडणाऱ्या बायकांना म्हणाले, "हा चुकत नाही, दमत नाही. उद्यापासून तुम्ही दहाजणी घरी."

वीस वर्षं कचरा निवडणारी तान्हाबाई म्हणाली, "आधी शर्यत लावा. पण दोघांचेही डोळे बांधून."

डोळे बांधून बाई काय निवडणार, म्हणून साहेब हसतच 'हो' म्हणाले.

तान्हाबाई एकेक वस्तू चुरगाळून आवाजावरून सांगत गेली, "ही बाटली, ही दुधाची पिशवी, हे वेफर्सचं पाकीट." एकही चुकली नाही. मग कॅमेऱ्यावर फडकं बांधलं, तर रोबोचा हात हवेतच थांबला.

साहेब चिडले, "ही लबाडी आहे! इथे याचे डोळे बांधणार कोण?"

"तुमच्या बंगल्यातली पिशवी, साहेब. तिच्यात बाटल्यांबरोबर आमटीही असते. फुटली की थेट याच्या डोळ्यांत. सकाळपासून दोनदा पुसलेत मी."

तिने फडकं सोडलं आणि लेकराचं तोंड पुसावं तसा पदराने कॅमेरा पुसला. "पोर गुणी आहे हो. फक्त जवळ माणूस लागतं."

दहाही जणी कामावर राहिल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बंगल्यातून पहिल्यांदाच दोन पिशव्या आल्या, एक ओल्या कचऱ्याची, एक सुक्या.