शेवटच्या शिक्क्याचा मान

सगळी चूक दिवाण नारोपंतांची! तांबेगड राज्यात फटफट्या आल्या आणि पंतांनी लगेच कायदा काढला: मोठ्या फटफट्यांनी वर्षभरात जे जे मोडेल, फुटेल, चिरडेल, त्याची भरपाई सगळ्यात नवख्या चालकाने द्यायची. का? तर म्हणे, "चुका नवखेच करतात!"

मग काय, थोर मंडळी मोकाट! कुणी कुंभाराची उतरंड फोडली, कुणी गाडी थेट पारावर चढवली, आणि मिशीला पीळ देत पुढे गेले. भरायला नवखा होताच.

लहान फटफटीला परवाना लागत नसे. मोठीसाठी मात्र दसऱ्याला परीक्षा असे. पाय न टेकता आठचा आकडा काढायचा, की परवान्यावर राजशिक्का. ज्याचा शिक्का सर्वांत ताजा, तो नवखा. शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वी सदू कोष्ट्याने घेतला होता. त्याचे माग विकले गेले, तरी तो अजून भरतच होता. त्याच्यानंतर परीक्षेला कोण मरायला जाईल?

सारजा गेली.

तिची आई हौसा सुईण होती. घाटावरच्या वस्तीत कुणी अडली की सारजा आईला लहान फटफटीवर बसवून निघायची. दोघींच्या वजनाने ती फटफटी पहिल्याच वळणावर धापा टाकायची आणि हौसा उतरून चालायला लागायची. गेल्या महिन्यात ती चालत वर पोचेपर्यंत बाळंतीण गेली होती.

दसऱ्याच्या दुपारी भरल्या मैदानात सारजा महाराजांपुढे उभी राहिली. "महाराज, मला मोठीचा शिक्का हवाय. नवख्याचा भुर्दंड नकोय."

नारोपंत खो खो हसले. "शिक्का घेतलास की तूच नवखी, पोरी!"

"पाच वर्षं लहान चालवतेय. एकदाही पडले नाही."

"अनुभव कोण विचारतंय? कायदा मी लिहिलाय! वय बघू नये, अनुभव बघू नये, फक्त शिक्का बघावा!"

"मग थांबायचं तरी किती वर्षं?"

"थांब की म्हातारी होईपर्यंत! ज्या दिवशी घेशील त्या दिवशी नवखीच!"

महाराजांना मजा वाटली. माणूस भारी हट्टी. कायदा बदला म्हटलं की अंगावर यायचे. ते म्हणाले, "सारजा, सूर्य मावळायच्या आत शिक्का घे, पण नवखी होऊ नकोस. कायद्याचं एक अक्षर हलणार नाही. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर तुझी लहान फटफटीसुद्धा सरकारजमा!"

हौसाने तिचा हात ओढला. "सारजे, घरी चल. आहे तेवढंही जाईल."

"आहे तेवढं पहिल्या वळणावर बंद पडतंय, आये!"

आणि ती पंतांकडे वळली. "दिवाणसाहेब, तुमचा आठ कसा निघाला होता हो?"

"आमच्या वेळी आठ नव्हता!"

"आणि शिक्का?"

"शिक्का कसला! आमच्या वेळी नुसत्या नावावर कामं व्हायची!"

महाराज पुढे वाकले. "म्हणजे पंत, इतकी वर्षं तुम्ही मोठी फटफटी बिनशिक्क्याची चालवताय? तुमच्याच कायद्याने गाडी जप्त होते!"

पंतांना दरदरून घाम फुटला. "घेतो, महाराज! आत्ता घेतो! आठात काय एवढं!" आणि ते सारजाला ढकलून पुढे उभे राहिले.

"अगं बाई! तुम्ही आमच्याआधी?" सारजाने गालावर हात ठेवला. "सभेत अध्यक्ष कधी पहिला बोलतो का? आधी आमच्यासारखी फुटकळ माणसं. शेवटचा मान तुमचा!"

पंत थबकले. सभेत शेवटचं भाषण त्यांचं, सत्कारात शेवटचा हार त्यांचा. त्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. "अर्थात! शेवटचा मान माझाच! माझ्यानंतर कुणी मैदानात पाऊल टाकलं तर याद राखा!"

सारजाने परीक्षेच्या मोठ्या गाडीवर आठ काढला. पाय टेकला नाही, धूळही फारशी उडाली नाही. शिक्का बसला.

मग पंत बसले. गाडी हातभर सरकली आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर! लगेच चार नोकर धावले. दोघांनी हँडल धरलं, दोघांनी मागून रेटलं आणि देवाची पालखी फिरवावी तसे पंत आठावरून फिरले. परीक्षक पंतांचे मेहुणे होते. ते सगळा वेळ आकाशातले बगळे मोजत होते. ठप्! पंतांना शिक्का! थोर मंडळींनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात सूर्य मावळला आणि मुदत संपल्याचं शिंग वाजलं.

"सारजा, शिक्का तर घेतलास," महाराज म्हणाले. "आता नवखी कोण, सांग!"

"दिवाणसाहेबांच्या परवान्याला बोट लावून बघा, महाराज. शाई ओली आहे!"

पंतांनी बोट लावलं, ते काळं झालं. "मी? मी नवखा? अरे, माझा तीस वर्षांचा अनुभव..."

"अनुभव कोण विचारतंय, दिवाणसाहेब?"

महाराज इतके हसले की त्यांचा मंदिल घसरून मांडीवर आला! सदू कोष्टी जिथे उभा होता तिथेच मटकन बसला आणि ढसाढसा रडला. सारजाने बक्षीस मागितलं ते महाराजांची स्वतःची मोठी फटफटी, साइडकारसकट. दुसऱ्याच दिवशी हौसा साइडकारमध्ये ऐसपैस बसून घाट चढली.

थोर मंडळींनी गाडी चालवायची रीत काही बदलली नाही. पुढच्या दसऱ्यापर्यंत त्यांनी जे जे तुडवलं, ते सगळं नारोपंतांनी भरून दिलं. त्यात त्यांचे दोन मळे, आमराई आणि मोठी फटफटी गेली.