नव्या चंद्राचे दोन साक्षीदार

फार फार वर्षांपूर्वी, ग्रीक राजांच्या अमलात, समुद्रकाठच्या एका गावात यहुद्यांची वस्ती होती. तिथे अझर्या नावाचा विद्वान राहत असे. सकाळी तो प्रार्थनाघरात धर्मशास्त्र शिकवी. दुपारी दाराला कडी लावून ग्रीकांचे तत्त्वज्ञान आणि आकाशाचे गणित वाची.

कडी लागली की लोकांना संशय येतोच. शेजारीण भिंतीला कान लावी. पंचांचे प्रमुख एलियाकीम आबा त्याला पाहताच विचारीत, "काय रे, आज देवाचं वाचलंस की त्यांचं?"

अझर्यालाही चैन नव्हते. ग्रीकांचा ग्रंथ सांगे, बुद्धीला पटेल तेच मान. धर्म सांगे, वाडवडिलांनी दिले ते मान. त्याला दोन्ही खरे वाटे आणि दोन्हींची भीती वाटे.

त्या लोकांचा महिना गणिताने सुरू होत नसे. दोन माणसांनी नवी चंद्रकोर डोळ्यांनी पाहावी, पंचांना येऊन सांगावे, मग पंचांनी महिना जाहीर करावा, अशी रीत होती. साक्षीदारांना पंचांकडून भरपेट जेवण मिळे.

मोठ्या उपवासाचा महिना आला. उपवास दहाव्या दिवशी. पहिला दिवस चुकला, तर उपवासाच्या खऱ्या दिवशी सारा गाव जेवणार. याहून मोठे पाप त्यांना ठाऊक नव्हते.

सकाळी दोन साक्षीदार आले. एक आबांचा जावई शिमी, दुसरा त्याचा दोस्त योराम.

"काल संध्याकाळी टेकडीवरून कोर पाहिली," शिमी म्हणाला.

"दोघांनी पाहिली," योराम म्हणाला. "जेवायला काय आहे?"

आबा महिना जाहीर करायला उठले. तेवढ्यात अझर्या बोलला, "थांबा आबा. ग्रीकांच्या गणिताप्रमाणे काल कोर दिसणं शक्यच नव्हतं."

सभेत गलका झाला. आबा कडाडले, "वाटलंच होतं मला! आता चंद्रानंही त्यांना विचारून उगवायचं का? तो ग्रंथ जाळ, नाहीतर या प्रार्थनाघराच्या पायरीवर पाऊल ठेवू नकोस."

 शिकवण्याशिवाय अझर्याला दुसरे आयुष्य नव्हते. गप्प बसावे तर उपवास बुडतो. तो घरी गेला आणि ग्रंथाची गुंडाळी आणून पंचांपुढे ठेवली.

"जाळा," तो म्हणाला. "पण आधी साक्षीदारांना एकेकटं बोलावून प्रश्न विचारा. ही रीत ग्रीकांची नाही, आपल्या वाडवडिलांची आहे."

पंच एकमेकांकडे पाहू लागले. आबांचा जावई म्हणून शिमीला कित्येक महिन्यांत कुणी प्रश्नच विचारला नव्हता.

"माझ्या जावयावर संशय?"

"शास्त्रात जावयाला सूट नाही, आबा."

शिमीला बाहेर बसवले. योरामला विचारले, "कोरीची टोकं मावळत्या सूर्याकडे होती की उलट बाजूला?"

"सूर्याकडेच की. गाय गोठ्याकडे बघते तशी."

पंचांतला म्हातारा कोळी हसला. "जन्म समुद्रावर गेला माझा. नव्या कोरीची टोकं सूर्याकडे कधी नसतात रे."

मग शिमीला आत आणले. तोच प्रश्न ऐकून तो सासऱ्याचे तोंड पाहू लागला. "मी चंद्र पाहिला," तो चाचरत म्हणाला. "टोकं योरामनं पाहिली."

खोटी साक्ष उघडी पडली. दोघांनी जेवणासाठी थाप मारली होती. दोघेही उपाशी परत गेले, आणि पुन्हा त्यांची साक्ष कुणी घेतली नाही. महिना एक दिवस उशिरा सुरू झाला.

"ग्रंथ जाळायचा ना?" एका पंचाने विचारले.

आबांची मान खाली होती. "नको," ते म्हणाले. "अझर्या, उद्यापासून हा ग्रंथ इथं सगळ्यांसमोर वाच. माझा त्याच्यावर विश्वास नाही. साक्षीदारासारखं त्याचं एकेक वाक्य तपासू."

"मीही ते कधी तपासलं नव्हतं, आबा," अझर्या म्हणाला. "तुम्ही जावयाला मानलंत, तसं मी ग्रंथाला मानलं."

तात्पर्य: जो फक्त नावडत्याला तपासतो, तो आवडत्याकडून फसतो.