दोघांनी चिरलेला बांबू

एका गावात टोपल्या विणणारं एक जोडपं राहत होतं. नवरा लिंबाजी, बायको धुरपा. दोघांचं मुळी पटत नव्हतं. भांडून भांडून दोघं थकली आणि शेवटी त्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. तिथवर ठीक होतं. पण त्यांना मैना नावाची लहान मुलगी होती, आणि ती दोघांनाही हवी होती.

प्रकरण चावडीवर गेलं. पाटील तारखेवर तारीख देत राहिला. गावाला काय, फुकटची करमणूक. लग्नाला आली नव्हती तेवढी माणसं काडीमोड बघायला जमायची. दर खेपेला सगळ्यांदेखत मैनेला विचारलं जाई, "तुला कोण हवं?" घरून निघताना आईनं एक उत्तर पढवलेलं असे, वाटेत बापानं दुसरं. पोर कधी याचं बोले, कधी तिचं. मग ती बोलेनाशीच झाली. भूक लागली तरी तोंडातून शब्द फुटेना. आईबाप एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे.

अखेर पाटील वैतागला. म्हणाला, पुढच्या खेपेला निकाल. पोर एकाला मिळेल, दुसऱ्यानं तिचं तोंडही बघायचं नाही.

हे हौसाआत्याच्या कानावर गेलं. सोयरिकी जुळवण्यात या बाईचं आयुष्य गेलं होतं. लिंबाजी-धुरपाचं लग्नही तिनंच जमवलेलं. दुखरे गुडघे सावरत ती त्यांच्या अंगणात येऊन बसली.

"जुळवताना मधी म्याच हुते," ती म्हणाली, "आता सोडवतानाबी बसते. पर निकाल म्या देनार न्हाई. तुमचं तुमी ठरवा."

चावडीचा दोघांनाही वीट आला होता. बसले. पण बोलणं फिरून त्याच वळणावर आलं. त्यानं तिची उणीदुणी काढली, तिनं त्याची. आत्या ऐकून ऐकून दमली. मग तिनं कोपऱ्यातला एक बांबू पुढे ओढला आणि दोघांना तो चिरायला सांगितलं.

हे काम त्यांच्या हातचं होतं. टोकाला कोयत्यानं चीर पाडायची, मग एकेकानं एकेक बाजू धरून ती फाकवत न्यायची. पण आज लिंबाजीनं रागानं हिसडा दिला. चीर त्याच्याच बाजूला सरकली, त्याच्या हातातली कांब बारीक होत गेली आणि मोडली. दुसऱ्या बांबूला धुरपानं हिसडा दिला. या वेळी तिची मोडली.

"जास्ती ओढंल त्याच्याच हातातलं मोडतंय, ह्ये तुमाला म्या सांगावं?" आत्या म्हणाली. "आन् चावडीवर जिला ओढताय, ती काय बांबू न्हाई."

धुरपाला रडू आलं. थोड्या वेळानं लिंबाजीनं आपण होऊन तिसरा बांबू घेतला. या खेपेला एकमेकांच्या हाताकडे बघत दोघांनी तो सरळ शेवटपर्यंत नेला. मग बोलणं झालं, आणि ते फक्त मैनेबद्दल झालं. लिंबाजीनं ओढ्यापलीकडे खोपट बांधायचं. मैनेनं आईकडे राहायचं, पण मनात येईल तेव्हा ओढा ओलांडून बापाकडे जायचं. आणि एकानं दुसऱ्याबद्दल तिच्यापाशी वाईट बोलायचं नाही.

निकालाच्या दिवशी चावडी गच्च भरली होती. पाटलानं नेहमीसारखं विचारलं, "मैने, तुला कोण हवं?"

लिंबाजी उठला. "पाटील, तिला इचारू नगा. आमचं ठरलंय."

"व्हय," धुरपा म्हणाली. "पुन्यांदा तिला ह्ये कुनीच इचारू नगा."

पाटलानं ते मान्य केलं आणि माणसं हिरमुसून आपापल्या घरी गेली. संसार काही पुन्हा जुळला नाही. तो जुळणारा नव्हताच, हे आत्यालाही कळत होतं. पण चावडीच्या पायऱ्या उतरताना दोघांच्या मधून चालणारी मैना थांबली आणि म्हणाली, "मला भूक लागली."

तात्पर्य: नवरा-बायकोला वेगळं व्हायचंच असेल, तर ते कसं व्हायचं हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवावं; जिंकण्यासाठी ओढत राहिलं, तर मोडतं ते लेकरू.