सातातले चार

“सतरापैकी सात, मॅडम! सात म्हणजे गंभीरच धरायचं. आता आणखी कशाची वाट बघायची?”

डॉक्टर कौस्तुभ बिडवेच्या एका हातात जीभ दाबायची पट्टी होती, दुसऱ्या हातात बॅटरी. समोरच्या टेबलावर पावणेदोन वर्षांची ईश्वरी आडवी पाडलेली. एका सिस्टरनं तिचे पाय धरले होते, दुसरीनं दंड. पोरगी जिवाच्या आकांतानं रडत होती आणि मधेच खोकत होती. खोकला कसला, कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा आवाज! श्वास आत ओढताना घशातून कर्कश सूर निघत होता आणि बरगड्यांमधली कातडी आत जात होती.

आजार क्रूप, म्हणजे विषाणूनं श्वासाची वाट सुजते. कौस्तुभनं ते दारातूनच ओळखलं होतं. आजार किती चढलाय त्याचे सतरापैकी गुण द्यायचे, तेही तोंडपाठ. आवाजाचे दोन, छाती ओढण्याचे तीन, हवा कमी जाते त्याचे दोन. सुवर्णपदक काय उगाच मिळालं होतं?

टोपले मॅडम दारातच उभ्या होत्या. तीस वर्षं याच तालुक्यातली मुलं तपासलेल्या.

“ती पट्टी कशाला?”

“घसा बघतो. मग सलाइनची सुई. मग जिल्ह्याला...”

“तिची आई कुठंय?”

आई बाहेर. एसटीत कंडक्टर होती ती, ज्योत्स्ना वाघमोडे. सकाळची पाळी अर्धवट टाकून खाकी गणवेशातच धावत आलेली. आत गर्दी नको म्हणून कौस्तुभनंच तिला बाहेर काढलं होतं.

“बोलवा तिला. पोरगी मांडीवर द्या.”

“मॅडम, वेळ...”

“विश्राम.”

झालं! शाळेच्या कवायतीत उभं राहतात तसं, पाय फाकवून, हात मागे बांधून. मॅडमच्या हाताखाली शिकायचं तर मुलाला हात लावण्याआधी एक मिनिट असं उभं राहायचं. सगळी डॉक्टर पोरं मागून हसायची. कौस्तुभ सगळ्यात जास्त हसायचा. आज त्याच्या अंगाची लाही झाली. पोर घुसमटतंय आणि यांना कवायत सुचतेय!

पण हात मागे गेले.

ज्योत्स्नानं लेकीला छातीशी धरलं. “आले गं बाई, आले, कुठं नाही गेले मी.” शर्टाच्या खिशाला अडकवलेली शिट्टी ईश्वरीनं ओढून मुठीत घेतली. हुंदके तुटत गेले. मग थांबले...

कर्कश सूर अगदी बारीक झाला. छाती ओढत होती, पण थोडी.

मिनिट संपलं. कौस्तुभनं पुन्हा गुण मांडले. पुन्हा मांडले. तीन!

मॅडमनी सुजेवरचं औषध चमच्यात ओतून आईच्या हाती दिलं. आईनं ते पाजलं.

“मॅडम, मी चुकीचं नाही मोजलं. सात होते.”

“होते ना.”

“मग गेले कुठं?”

“सातातले चार तुझे होते.”

एवढं बोलून त्या बाह्यरुग्ण विभागाकडे निघून गेल्या.

सिस्टर मान खाली घालून हसल्या. कौस्तुभचे कान तापले. त्याला राग आला, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली. ठीक आहे! आता इथून हलायचंच नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. औषधाला गुण यायला तास-दोन तास लागणार. तोवर हिच्यावरची नजर काढायची नाही.

तो तसाच उभा राहिला. विश्राम.

अर्धा तास गेला. सिस्टरनं चहा आणला, तो तसाच निवला. पाय भरून आले. तो समोर फरशीवर बसला, हात मागेच.

“डॉक्टरसाहेब, आवाज थांबला हो,” ज्योत्स्ना एकदम म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. “झोपली माझी बाय. बरं वाटलं तिला.”

खरंच, आवाज नव्हता. खोकलाही नव्हता. आवाजाचे गुण शून्य. घरी सोडा म्हणायला हरकत नव्हती...

कौस्तुभ बघत राहिला.

ईश्वरीची मूठ सुटली. शिट्टी घरंगळली. नुसत्या झोपेनं अंग इतकं ढिलं पडत नाही. त्यानं हळूच फ्रॉक वर केला. गळ्याखालचा खळगा आणि पोट खोल आत जात होतं, आणि एवढ्या ओढीला हवा मात्र जराशीच. ओठांवरचा रंग उतरलेला.

आवाज थांबला होता, कारण आवाज करायला वाराच पुरत नव्हता.

तो उठून दाराकडे वळला.

“सिस्टर, अॅड्रेनलिनची वाफ आणि ऑक्सिजन! मॅडमना बोलवा. श्वासाची नळी घालावी लागली तर भूलतज्ज्ञांनाही. ताई, तुम्ही हलू नका. मांडीवरच राहू द्या. हा मास्क तुम्हीच धरा, तिच्या नाकाजवळ.”

“काय झालं? अहो, काय झालं तिला?”

“दमलीय ती. आपण नाही दमायचं.”

ज्योत्स्नाच्या हातातला मास्क जागचा हलला नाही. धावत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडणारी बाई ती, तिनं पाय रोवले.

मॅडम आल्या. एकदा पाहिलं, भूलतज्ज्ञांना दाराशीच थांबायची खूण केली आणि कौस्तुभशेजारी उभ्या राहिल्या. हात मागे बांधून.

दहा मिनिटं.

मग भुंकल्यासारखा तोच खोकला आला! दणदणीत. ज्योत्स्ना रडायला लागली. कौस्तुभला वाटलं, जन्मात इतकं गोड काही ऐकलं नाही.

“उतरला धोका?”

“वाफेचा गुण उतरेल. तेव्हा बघायचं,” मॅडम म्हणाल्या.

तो पुन्हा फरशीवर बसला. वाफ उतरली, तोवर पाजलेल्या औषधानं धरलं. दुपार कलली. कर्कश सूर गेला, ओठ गुलाबी झाले, छाती ओढायची थांबली. पोरगीनं अर्धं बिस्कीट खाल्लं आणि उरलेलं त्याच्या पँटला पुसलं.

निघायच्या आधी मॅडम फेरीला आल्या. तेवढ्यात ज्योत्स्नानं लेकीच्या तोंडातून शिट्टी काढून घेतली, आणि ईश्वरीनं असं काही भोकाड पसरलं की शेजारच्या वॉर्डातून माणसं डोकावली.

कौस्तुभ ताडकन उठला. हात आपोआप मागे गेले.

“मॅडम, रडतेय! पुन्हा श्वास चढला तर...”

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला.

“रडू दे,” त्या म्हणाल्या. “हे तिचं आहे.”