गोंड्यांचं मुसकं

खळ्यावर बैलच मळणी करायचे, त्या काळची ही गोष्ट. बैलांनी कणसं खाऊ नयेत म्हणून मालक त्यांच्या तोंडाला मुसकं बांधायचा. एकदा त्यानं चांद्याला रंगीत गोंड्यांचं नवं मुसकं बांधलं. शेजारी जुंपलेल्या हौशाचं जुनंच होतं, फाटकं. त्या भोकातून तो फिरता फिरता ज्वारी ओढायचा. पण चांद्याचे गोंडे पाहिले आणि त्याला घास गिळवेना.

"राबायचं दोघांनी आणि लाड याचेच?" म्हणत तो खळ्यातच बसला.

"तुलाही आणतो, ऊठ," मालक हसून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हौशालाही गोंड्यांचं मुसकं मिळालं. त्याला कुठंच भोक नव्हतं. दिवसभर तो उपाशीपोटी कणसं तुडवत राहिला. संध्याकाळी त्यानं शेजारी तिरकं पाहिलं.

"चांद्या, तुझा गोंडा माझ्याहून मोठा कसा रे?"